बाबांची लाल पट्टी

सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीजवळ नोकरी काढलेल्या माझ्या बाबांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावलं की डोकं दुखतं, म्हणून ते डबीत पडून असतं. त्यामुळे बाबा बातम्या ऐकत नाहीत, वाचतात. टीव्हीच्या तळाशी धावणारी ती लाल पट्टी सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्या घरात चालू असते.

चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी ओएलईडी टीव्ही आला तो नवऱ्याच्या हौसेनं. काही महिन्यांनी मॅच बघताना त्याला हिरव्या मैदानावर खाली एक फिकट पट्टा दिसला. चॅनल बदललं तरी तो जागचा हलेना. या पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, आणि एकच चित्र सतत दाखवलं की तिथले ठिपके लवकर झिजतात, डाग राहतो. नवऱ्यानं सरळ निकाल दिला, "न्यूज चॅनल लॉक करून टाकतो. बाबा मोबाइलवर बघतील."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसानं मोबाइलवर पट्टी वाचायची. माझं डोकंच फिरलं. टीव्हीही वाचेल आणि पट्टीही राहील, कशी राहत नाही तेच बघते, असं मी त्याला सुनावलं.

रविवारी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये घुसले. ब्राइटनेस उतरवला. चित्र अधूनमधून कणभर सरकवण्याची सोय होती, ती चालू केली. कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला लोगो मंद करायचीही सोय होती, तीही चालू केली. संध्याकाळी बाबांना सिनेमा लावून द्यायला लागले, तेवढाच पट्टीला विसावा. बाबा कुरकुरले, पण बसले. डाग मात्र तसाच. मग चिडून माहितीपुस्तिका पहिल्यापासून वाचली, तेव्हा कळलं की रिमोटनं बंद केल्यावर टीव्ही आतल्या आत पडद्याची निगा राखतो, आणि त्यासाठी भिंतीवरचं बटण चालूच लागतं.

आणि आमचे बाबा रिमोट दाबला की लगेच उठून ते बटणही बंद करणारे. मेन बंद केल्याशिवाय मशीन बंद झाली, असं त्यांनी जन्मात कधी मानलं नाही.

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, मेन बंद नका करत जाऊ."

"काहून? करंट खाते ना."

"ड्यूटी सुटल्यावर तुम्ही हातपाय धुऊनच घरी येत होते ना? मंग त्याले बी धुऊ द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "हव," मान हलवून म्हणाले.

इतक्या वर्षांची सवय, मला काही भरवसा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर भिंतीवरच्या बटणाला सुतळीनं पुठ्ठा टांगलेला. त्यावर लाल स्केचपेननं, ठळक हिंदीत: आदमी काम कर रहा है. आमच्या या हिंदी मुलखात कारखान्यात दुरुस्ती चालू असली की मेनवर अशीच पाटी लटकवतात. ती दिसली की बटणाला कुणी हात लावत नाही, कारण आत कुणाचा तरी जीव असतो.

डाग हळूहळू फिका झाला. आता शोधला तरच दिसतो, आणि लॉकचं नाव घरात निघत नाही. पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नवरा हसला होता. बाबांच्या कानाशी वाकून त्यानं विचारलं, "बाबा, कौन आदमी काम कर रहा है?"

बाबांनी पट्टीवरची नजर काढली नाही.

"मी," ते म्हणाले. "वाचून राहिलो ना."