एका आठाची जागा

शाळा समितीच्या अध्यक्षांनी दिनकर मास्तरांना फसवलं. मलाही फसवलं, पण मी अजून आहे, मास्तर गेले. मोखाड्याहून आलेल्या जीपवाल्याने बातमी सांगितली, तेव्हा मी जव्हारच्या माझ्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकावर ओरडत होतो. ओरडणं तिथंच थांबलं. गिऱ्हाइकाला म्हटलं, "ने बाबा, तू म्हणशील त्या भावात ने…"

मास्तर गणिताचे. निवृत्तीनंतर दुपारी दुकानात येऊन बसायचे आणि एकाच संख्येबद्दल बोलायचे. नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला त्याच संख्येने गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. "शेठ, एकापासून नऊपर्यंत चढते आणि एकही पायरी न चुकता उतरते. उलटी वाचा, तीच. अंकांची बेरीज करा, एक्याऐंशी. म्हणजे पुन्हा नवाचा वर्ग!" मी म्हणायचो, "मास्तर, बाजारात हिला घेणार कोण?" ते हसायचे. "तुम्हाला विकता येणार नाही अशी एक तरी वस्तू असू द्या की जगात." मी शाळा अर्धी सोडलेला माणूस, पण ते सांगायला लागले की माझाही आवाज खाली यायचा.

त्यांची जुनी शाळा रंगवायची निघाली, तेव्हा मी अध्यक्षांशी सौदा केला. रंग माझा, फुकट. दर्शनी भिंतीवर मास्तरांची संख्या पुरती, खाली त्यांचं नाव. हातावर हात मारून ठरलं. मग कोणी पाहुणे येणार म्हणून अध्यक्षांनी आधी डाव्या कोपऱ्यात वारली चित्रातला तारपा फुंकणारा, तारपावाला, रंगवून घेतला. पेंटरने नऊचा आकडा दाराच्या वर मधोमध लिहिला, उजवीकडची उतरण नीट बसवली, मग डावीकडे तारपावाल्यापासून एक, दोन करत चढत आला आणि सातापाशीच जागा संपली. चढतीचा आठ त्याने गाळला.

मी त्याच्यावर धावून गेलो, तर म्हणाला, "शेठ, तारपावाला आधीच उभा हाय, त्याला कुठं हाकलू? पल्याड हाय ना एक आठ!"

मास्तरांनी भिंतीवरचे आकडे एकेक करून मोजले. "आता हिला तीनानेसुद्धा भाग जात नाही शेठ. कुठल्याच संख्येचा वर्ग नाही ही… आणि खाली नाव माझं." ते अध्यक्षांकडे जात राहिले. उत्तर एकच, "मास्तर, एवढे आकडे मोजतंय कोण?" पोरं मोजत होती. वर्गात गुणाकार करून भिंतीशी ताडून बघायची आणि म्हणायची, मास्तर चुकले. ते कानावर आल्यापासून मास्तरांनी तो रस्ता सोडला.

शोकसभेत अध्यक्ष त्याच भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, "ही संख्या आपल्याला कायम वाट दाखवील." मी उठलो. लोकांनी खाली ओढलं, "शेठ, आज नको." बरं, त्या दिवशी गप्प बसलो.

आता भांडायलाही अंगात जोर नाही. रंग मी पाठवीन, पेंटरही पाठवीन. पण गुपचूप आठ घुसवून भागणार नाही. अध्यक्ष, पोरांना गोळा करा, भिंतीपुढे उभे राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा, चुकलं कोण?