नाक्यावर अडकलेले हमाल

आखाती युद्ध चालू होतं. रियाधहून जेद्दाला जाताना नाक्यावरच्या शिपायाने माझी पिशवी उघडली. आत जेद्दावर उस्मानी तुर्कांचं राज्य होतं तेव्हाच्या सरकारी कागदांच्या झेरॉक्स होत्या, मी इस्तंबूलहून आणलेल्या. सुलतानांवर पुष्कळ लिहून झालंय. मला जेद्दा बंदरातल्या हमालांची मजुरी शोधायची होती.

शिपाई चक्रावला. अक्षरं अरबी, पण वाचून अर्थ लागेना, कारण भाषा तुर्की.

"ही गुप्त भाषा आहे," म्हणत त्याने गठ्ठा काखेत मारला. माझं वर्षभराचं काम हातचं जाणार होतं!

मी मोडक्या अरबीत तावातावाने हक्कांवर बोलू लागलो. गाडी चालवणारे रत्नागिरीचे चाचा पुटपुटले, "अरे, भाषण नको ठोकूस. कागद जातील आणि तूही जाशील."

मग भाषण सोडून मी त्याला गठ्ठा उघडायला लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शिपायाने अक्षरं जुळवली, "हम्माल... जिद्दा..." आणि तो हसतच सुटला. "हमालांचं पुराण? हे वाचणार कोण? खलास, यल्ला! चला, निघा!"

गठ्ठा माझ्या मांडीवर परत आला. तरी त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी तोंड उघडलंच. चाचांनी तेवढ्यात गाडी दामटली.