फरशीवरची चटई

माझ्या बाबांचं महाल भागात ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. लग्नसराई संपली की आसपासचे शालू आणि कोट त्यांच्याकडे येत. धुऊन वाळलेलं प्रत्येक वस्त्र बाबा नाकाला लावून पाहत. वास असला तर पुन्हा दांडीवर, वास गेला तरच घडी. गिऱ्हाइकाच्या अंगाला धुण्याच्या औषधाचा वास लागला तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. स्वतःच्या अंगाला तो कायमचा चिकटला होता, त्याचं त्यांना काही नव्हतं.

त्या औषधाला ते पर्क म्हणत. परक्लोरोएथिलीन हे पूर्ण नाव मी बी.एस्सी.ला शिकले आणि घरी येऊन मिरवलं. कार्बनचे दोन अणू, क्लोरीनचे चार. तेल-तूप सहज विरघळतं, पेट घेत नाही. बाबांना एवढं शेवटचंच पटलं. आजोबा पेट्रोलमध्ये कपडे धूत, तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला असे.

"हे बरं हाय. जळत तं नाही," बाबा म्हणत.

दुकानाच्या मागच्या खोलीत कूलर नव्हता, कारण ओलीने रेशीम खराब होतं. धुळीमुळे खिडकी बंद. हवा बाहेर फेकणारा एकच पंखा, तोही छताजवळ. मे महिन्यात जेवण झालं की बाबा तिथेच खुर्चीत पेंगत, घामाने निथळत. मला त्यांची दया आली आणि मी शहाणपणा पाजळला. "बाबा, गरम हवा वर जाते. खाली फरशीवर पडत जा, थंड वाटेल." चटईसुद्धा मीच आणून दिली.

पुढे मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले. दर वर्षी फळ्यावर लिहायचे, की पर्कची वाफ हवेपेक्षा जवळपास सहापट जड असते, ती जमिनीलगत साचते, म्हणून हवा खेचायची सोय खाली हवी. मुलं उतरवून घेत, मी मार्क देत असे. संध्याकाळी घरी जावं तर बाबा डोकं धरून बसलेले. दुकान बंद असे त्या दिवशी डोकं दुखत नसे. तरी आम्ही सगळे उन्हालाच नावं ठेवत राहिलो.

मागच्या वर्षी यकृताच्या दुखण्याने त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी विचारलं, दुकानात किती वेळ असता?

बाबा कौतुकाने म्हणाले, "दुपारी बी तिथंच झोपतो, खाली. माह्या पोरीनं सांगतलं. कॉलेजात सायन्स शिकवते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, खाली झोपण्यानेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. ते चांगले होते म्हणून तसं म्हणाले, असंच मला वाटलं आणि अजून वाटतं.

शेवटच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "पलंगावर लय गरम होते वं. खाली चटई टाकून दे मले."

"इथे चालत नाही, बाबा."

"काहून? तूनंच तं सांगतलं होतं, खाली थंड असते."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं धाडस झालं नाही. मला हुशार समजतच ते गेले.

दुकान रिकामं करताना चटई गुंडाळायला घेतली आणि बाबांसारखी नाकाला लावली. वास होता. मी ती दांडीवर टाकली आणि शटर ओढलं.