सरकता दस्ता

कुणी कौतुक करायला लागलं की नाना उठून हातपाय धुवायला जायचे. शाळेच्या कार्यक्रमात सरपंच माइकवर त्यांच्या नेमबाजीबद्दल बोलत असले, तरी नाना मंचावरून उतरून थेट नळाशी. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. परत यायचे ते टोपी भुवयांपर्यंत ओढून. ‘काय साधा माणूस आहे,’ असं आम्ही म्हणायचो. मी तर वर्गात विनयाचं उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घ्यायचे.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. माझी शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक तिथली, आणि मी भाड्याने राहत होते ती खोली नानांची. घराला लागूनच शाळा. नाना चांगले उंच, लांब हातांचे, पण शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारे. त्यांची बायको, अक्का, त्यांच्या खांद्याच्याही खाली येणारी. दिवसभर शेतात राबायची, संध्याकाळी चुलीशी, आणि बोलायची अगदी कामापुरतं. रानडुकरं मका उकरतात म्हणून नानांनी रीतसर परवाना काढून रायफल घेतली होती. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग, त्यांनी एका मिस्त्रीकडून मागेपुढे सरकणारा करून घेतला होता. कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “हिवायामा मी जाडा कोट घालस ना बाई, मंग आखूड लागस.” भर उन्हाळ्यातही तो आखूडच असायचा, हे मला दिसत होतं, पण त्यावर विचार करण्याची बुद्धी झाली नाही.

मग तो पिसाळलेला कुत्रा आला. मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात शिरला. पोरं ओट्यावर एकमेकांना बिलगली, मी त्यांच्यापुढे हातात लाकडी पट्टी घेऊन उभी. कुत्रा लाळ गाळत सरळ आमच्या दिशेने येत होता. तेवढ्यात वरून एक बार झाला आणि तो जागच्या जागी पडला. मान वर केली तर घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, अगदी काठाशी, नाना उभे. हातात रायफल.

त्या वर्षीपासून स्नेहसंमेलनात नानांना शाल-श्रीफळ ठरलेलं. ती गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. मी फार रंगवून सांगायचे. पोरांचे डोळे मोठे झाले की मला आणखी चेव यायचा. नाना नळाशी जायचे. अक्का मागे बायकांत बसून शेंगा सोलत असायची.

पुढे माझी बदली झाली, निवृत्त होऊन मी जळगावात पिंप्राळ्याला घर केलं. संमेलनाला मात्र जात राहिले. अक्का वारली तेव्हाही गेले होते. त्यानंतर एका हिवाळ्यात नानांचा फोन आला. परवान्याचं नूतनीकरण अडलं होतं. कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं होतं की हत्याराची लांबी अशी कमीजास्त होऊन चालणार नाही, दस्ता एका जागी पक्का करा आणि दुकानदाराचा दाखला आणा. त्यांचा मुलगा सुरतेला, सोबतीला कुणी नव्हतं. “बाई, मन्हासंगे धुयाले चालशात का?” असं त्यांनी विचारलं, आणि मी गेले.

धुळ्यातल्या त्या बंदुकांच्या दुकानात मालकाने रायफल नानांच्या खांद्याला लावून पाहिली. “नाना, तुमचा हात लांब आहे. दस्ता मागे ओढून पक्का करतो.”

“नही. शे तठेच ऱ्हाऊ द्या.”

“अहो, तुम्हाला नेम धरता येणार नाही.”

“तो माले कधीच धरता उना नही,” नाना म्हणाले.

मालक हसला. मीही हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. “बाई, हाऊ दस्ता अक्काना मापना शे. मक्यामा रातले तीच बसे. मी ते बारना आवाजले भ्यास. कुत्रा उना तव्हय मन्हा हात कापी राहिंतात. तिनी मन्हा हातमाईन बंदूक लिधी, गोयी मारी, परत मन्हा हातमा दिधी, आनि भाकरी टाकाले निंघी गई. लोकेस्नी वर दखं तव्हय बंदूक मन्हा हातमा व्हती.”

मालक रायफल घेऊन आत गेला आणि दस्ता होता तिथेच ठोकून बसवू लागला. प्रत्येक ठोक्याला नाना दचकत होते.

बसस्टँडवर चहा घेताना नानांनी उरलेलं सांगितलं. परवाना त्यांच्या नावावर. बायकोने गोळी झाडली हे कळलं असतं तर दोघांनाही धरून नेलं असतं. “पहिले भ्याव व्हता. मंग भ्याव सरी गया, पन शाल गोड लागे.”

“अक्का काही म्हणायच्या?”

“काहीच नही. शाल घडी करी पेटीमा ठेये.” चहा तसाच ठेवून ते उठले आणि नळ शोधायला लागले. इतकी वर्षं मी ज्याला विनय म्हणत आले ती शरम होती. मलाही तिथे बसवेना.

त्या वर्षीच्या संमेलनात नाना स्वतः माइकपाशी गेले. “तो कुत्रा मी मारा नही. तुमनी अक्कानी मारा.” मग सरपंच म्हणाले, “बघा, केवढं मोठं मन. श्रेयसुद्धा बायकोला देतात.” मांडव टाळ्यांनी भरून गेला. सगळ्यांबरोबर, काय होतंय ते कळायच्या आत, माझेही हात वाजले. नानांनी ते पाहिलं. शाल अंगावर तशीच, ते खुर्चीत मान खाली घालून बसून राहिले. नळाशी गेले नाहीत.

उन्हाळ्यात ते गेले. शोकसभा त्यांच्याच अंगणात झाली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी धाबं, दस्ता, धुळ्याचं दुकान, सगळं सरळ सांगितलं. आणि टाळी मीही वाजवली होती, हेही. पुरुषमंडळी खाली बघत होती. सभा संपल्यावर शेजारची म्हातारी सुंदरबाई जवळ आली.

“बाई, आमले बठ्ठ्या बायास्ले माहीत व्हतं. नदीवर आंग धवताना तिना खांदा दखेल शे आम्ही. बंदूकना धक्का बसीसन कायानिया पडी जाये.”

“मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही?”

“तुमी कव्हय इचारं? तुमी ते सांगाले उभ्या ऱ्हात.”

ती रागावून बोलली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात नळ होता. मी तिथे जाऊन हातपाय धुतले.