बाइक पुलापलीकडे कशी गेली

"साहेब, तिकडं म्हणत्यात, बाई शहरात ऱ्हाती, तर शहरात तक्रार द्या. हितं म्हणत्यात, अपघात तिकडचा हाय, तिकडं जावा. मी नेमकं कुटं जाऊ तेवढं सांगा की."

मल्लाप्पा नावाचा एक माणूस आमच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभा राहून हे सांगत होता. ठाणे अंमलदार म्हणजे पोलीस ठाण्यात आलेल्या माणसाशी पहिल्यांदा बोलणारा कर्मचारी. त्याने मल्लाप्पाला परत पाठवायची तयारी केली होती. आवाज ऐकून मी केबिनमधून बाहेर आले.

मी सोलापूर शहर पोलिसांत एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक आहे. आमचं ठाणं शहराच्या अगदी कडेला. ठाण्यापासून थोडं पुढे एका ओढ्यावर पूल आहे. पुलापर्यंत शहर पोलीस, पुलापलीकडे ग्रामीण पोलीस. आमचे आयुक्त वेगळे, त्यांचे एसपी वेगळे, वायरलेससुद्धा वेगळा. कुठलं ठाणं कुठपर्यंत, याला आमच्याकडे हद्द म्हणतात. आमच्या खात्यात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द हाच असावा.

मल्लाप्पाला खुर्चीवर बसवलं. त्याची बहीण शांतव्वा आणि तिचा नवरा बिराप्पा आमच्याच हद्दीतल्या वस्तीत राहतात. शांतव्वा कडक भाकरी करून विकते. ज्वारीची पापडासारखी पातळ, कुरकुरीत भाकरी, महिनाभर टिकते. रोज सकाळी नवऱ्याच्या बाइकवर बसून ती पुलापलीकडच्या ढाब्यावर भाकऱ्या पोचवायची. आज ढाब्यावर भाकऱ्या पोचल्याच नाहीत. बिराप्पा रस्त्यात बेशुद्ध सापडला. रस्त्यावरच्या लोकांनी बोलावलेल्या ॲम्ब्युलन्सने त्याला सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. शांतव्वाचा पत्ता नव्हता.

"ती गाडीवर होती हे नक्की?"

"माझ्या डोळ्यादेखत बसली ओ. मांडीवर भाकरीचं गठुडं. मीच म्हनलं, अक्का, पदर चाकात जाईल, नीट बस."

मी ग्रामीणच्या जाधव हवालदारांना फोन लावला. बाइक त्यांच्या हद्दीत पडलेली सापडली होती.

"मॅडम, चारी बाजूंनी बघितलं. बाई नाहीच. नवऱ्याशी भांडून मध्येच उतरली असंल. संध्याकाळपर्यंत येतीय बघा घरी."

"भाकऱ्या घेऊन उतरली?"

"आता ते मी काय सांगू?"

मिसिंगची नोंद कुठल्याही ठाण्यात घेता येते. मी ती घ्यायला लावली आणि आमच्या पीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांना, फोन केला.

"तुम्ही तिकडे जाऊ नका," साहेब म्हणाले. "त्यांच्या हद्दीत पाय ठेवलात की उद्या तपास आपल्या गळ्यात."

"सर, ढाब्यावर चहा प्यायला जाते. चहाला हद्द नसते ना?"

साहेबांनी फोन ठेवला. मी त्याला परवानगी समजले. ड्रायव्हर शेख आणि मल्लाप्पाला घेऊन निघाले.

पूल ओलांडल्यावर डाव्या हाताला एका शेताच्या कडेला बाइक आडवी पडली होती. जाधव बाजूच्या लिंबाखाली उभे. बाइकचं हँडल वाकलेलं, हेडलाइट फुटलेला. मी खाली वाकून जमीन बघितली. काचेचा एक कण नव्हता.

इथे एक गोष्ट समजून घ्या. धडक बसते तिथेच काच पडते. गाडी घसरत पुढे गेली तरी काच मागेच राहते. म्हणून अपघात झाल्यावर आम्ही आधी गाडी नाही, काच शोधतो.

"जाधव, काच कुठंय?"

"असंल की इथंच कुठं मातीत."

"आणि भाकऱ्या?"

"कुत्र्यांनी खाल्ल्या असतील, मॅडम."

"गठुड्याचं फडकं पण खाल्लं?"

जाधव काठीने माती उकरू लागले. तेवढ्यात शेखने हाक मारली. तो जीप वळवून घ्यायला पुलाच्या शहराकडच्या टोकाला गेला होता.

"मॅडम, इधर आओ! कौवे देखो कित्ते बैठे हैं!"

आम्ही पूल ओलांडून परत आलो. रस्त्याच्या कडेला कावळे जमले होते. शेखने त्यांना हुसकावलं. मुरुमात भाकरीचे तुकडे पसरलेले. त्यात हेडलाइटच्या काचा. डांबरावर ब्रेकचा काळा पट्टा. अपघात इथे झाला होता. पुलाच्या अलीकडे, आमच्या हद्दीत.

आणि काचांपासून एक बारीक पांढरी रेघ निघाली होती. बाइक आडवी असताना तिचा फूटरेस्ट डांबरावर घासला की अशी रेघ उमटते. ती संपूर्ण पुलावरून गेली होती आणि पलीकडच्या टोकाला व्यवस्थित वळून शेतात उतरली होती. घसरलेली गाडी अशी वळत नाही. तिला कोणीतरी ओढलं होतं.

"मॅडम, हे आमी नाही हं," जाधव पटकन म्हणाले.

ते मला सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या हद्दीत कोण अपघात ओढून घेईल? अपघात म्हणजे पंचनामा, दवाखान्याच्या चकरा, कोर्टाच्या तारखा आणि मीटिंगमध्ये साहेबांची बोलणी. गाडी पलीकडे गेली की सगळंच पलीकडे जातं. हे आमच्या ठाण्यातल्या कोणीतरी केलं होतं. दुसरी गोष्टही त्याच क्षणी लक्षात आली. सकाळपासून शांतव्वाला सगळ्यांनी बाइकच्या आजूबाजूला शोधलं होतं. या बाजूला कोणी बघितलंच नव्हतं.

"खाली उतरा," मी म्हणाले. "ओढ्यात."

ओढा कोरडा होता, पण वेड्या बाभळींनी गच्च भरलेला. मल्लाप्पा काट्यांची पर्वा न करता घुसला. "अक्का! ए अक्का!" उत्तर आलं नाही. जाधव त्याच्यामागून काठीने फांद्या बाजूला करत गेले. मग त्यांचा आवाज आला, "मॅडम, हाय! हाय हितं! जित्ती हाय!"

शांतव्वा पुलाच्या भिंतीला लागून पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. तोंडात माती. डोळे उघडे होते आणि ती आमच्याकडे बघत होती. जाधव आणि शेखने तिला जीपमधल्या ताडपत्रीवर घेऊन वर काढलं. आमच्या हद्दीत सापडलेल्या बाईला ग्रामीणचा हवालदार उचलत होता. त्या वेळी हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तिला सिव्हिलला पोचवून मी ठाण्यात आले. सकाळच्या गस्तीवर माने हवालदार होते. निवृत्तीला आलेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"माने, पुलाजवळची बाइक तुम्ही हलवलीत?"

ते जरा हसले. "मॅडम, मी पोचलो तर जखमी आधीच गेलेला. नुसती गाडीच पडली होती. कॉन्स्टेबलला म्हटलं, जरा पलीकडं घेऊ. सगळेच घेतात की."

"तिच्यावर बाई होती."

"बाई?" त्यांचं हसू तसंच अर्धवट राहिलं. "कुठली बाई?"

"पुलाखाली. तुम्ही उभे होता त्याच्या खालीच."

ते खुर्चीत बसले. टेबलाची कड धरली. मग म्हणाले, "मी खाली वाकून बघितलंच नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता. पण आला नाही. हा माणूस ठाण्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःचा डबा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी शांतव्वाचा जबाब घ्यायला गेले. कमरेचं हाड मोडलेलं. बोलताना धाप लागत होती, पण बोलणं स्पष्ट होतं.

"मोटारीनं कट मारला आन् मी खाली पडले. मग वर मानसं आली. गाडी वडल्याचा आवाज आला. मला वाटलं, मला काढायलाच आलेत."

"मग?"

"मग एकजण म्हनला, 'चला, आता झाली त्यांची हद्द.' आन् गेले की."

"तुम्ही हाक मारली का?"

"मारली की, बाई. पर आवाजच फुटंना."

मी पेन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर पुढे लिहिता आलं नसतं.

पीआय साहेबांनी जबाब वाचला आणि चष्मा काढला. "हे हद्दीचं वाक्य यात हवंच का?"

"सर, ते शांतव्वाचं वाक्य आहे. ते काढायचा अधिकार मला नाही."

"वर्तमानपत्रात येईल."

"येऊ दे, सर."

साहेबांनी खालच्या कोपऱ्यात सही केली.

गुन्हा आमच्या ठाण्यात नोंदवला. कट मारणारी मोटार अजून मिळाली नाही, आणि पुरावा हलवल्यावर ती मिळणं अवघडच असतं. माने आणि तो कॉन्स्टेबल निलंबित झाले. विभागीय चौकशी चालू आहे. बिराप्पा शुद्धीवर आला, बरा झाला. शांतव्वाला मांडी घालून बसता येत नाही. चुलीसमोर बसणं संपलं. आता गॅस ओट्यावर ठेवून उभ्याने भाकरी करते. थोडा वेळ करते, थोडा वेळ भिंतीला टेकते. डॉक्टरांच्या मते ती आणखी काही तास तिथे राहिली असती तर वाचली नसती.

यातून शिकायचं ते मोठं काही नाही. रस्त्यात अपघात दिसला तर ११२ ला फोन करा. गाडीला हात लावू नका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पुलाच्या खाली वाकून बघा. पोलीस आले आणि हद्दीचं बोलू लागले तर त्यांना बोलू द्या. ते आमचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही माणसं मोजा.