एक रिंग म्हणजे सगळं ठीक

एसटी सुटली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. "पोचलास की कळव," म्हणाली. आहुप्याजवळच्या आमच्या वाडीत तेव्हा फोनच नव्हता. कळवणार कशाने, कपाळाने? नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्यात मी मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या ठेकेदाराकडे लागलो. साहेबांचा विटेएवढा फोन नुसता उचलला तरी पैसे खायचा.

पुढे फोन स्वस्त झाले, टूजी गावाकडे सरकलं. धाकट्या भावाने, दत्तूने, मंचरहून जुना हँडसेट आणला. रेंज मात्र वाटेवरच्या एकाच खडकावर. तुम्हीही केलंय हे, नाकारू नका: एक रिंग म्हणजे सगळं ठीक. उचलायचा नाही, बॅलन्स वाचवायचा. रोज संध्याकाळी दत्तू खडकावर चढून एक रिंग द्यायचा. त्यालाच आम्ही ख्यालीखुशाली म्हणायचो. लाज वाटते आता.

एका दुपारी रिंग थांबेचना. दोन, तीन, चार. म्हटलं, गडी कट करायला विसरला, उगाच बॅलन्स जाईल त्याचा. मीच कट केला. वर स्वतःला शहाणा समजून चहा प्यायलो.

त्याच वेळी वाडीतले लोक आजारी आईला डोलीत घालून मंचरच्या दवाखान्यात नेत होते. खडकावर डोली टेकवून दत्तूने फोन तिच्या कानाला लावला होता. पुन्हा लावायला गेला तर रेंज गेलेली. "कामात आसंल," आई म्हणाली. मंचरपर्यंत ती पोचलीच नाही. हे दत्तूने मला दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर सांगितलं.

आता जाहिरातवाले थ्रीजीचे ढोल बडवतात. म्हणे जग जवळ आलं. कुणाचं, रे? गेल्या वर्षी त्याच खडकाशेजारी टॉवर मंजूर झाला आणि काम नेमकं आमच्या ठेकेदाराला मिळालं. मी पट्टा बांधून वर चढलो. उतरलो तर दत्तू समोर.

"आता रेंज आणलीस व्हय, दादा? लई उपकार झालं. आता फोन लावू कुणाच्या कानाला?"

मला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

गाव सोडलेल्यांनो, तुम्ही खुशाल गावाला घर म्हणा. दत्तूने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. टॉवर चालू झाला. घर दोनशे पावलांवर होतं, आणि मी डबा उघडून ठेकेदाराच्या जीपमध्ये जेवलो.