प्रमिलाबाईंच्या ओट्यावरची कविता

प्रमिलाबाईंना कविता ऐकवायची म्हणजे अर्ध्यावरच त्यांचा हात वर व्हायचा. "थांब. हे तू पाह्यलं काय?" बस्स, पुढं जायचंच नाही. जऊळक्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून त्या निवृत्त झालेल्या, आणि मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, चौथीत शाळा सुटलेली. म्हातारपणी मला कवितेचं वेड लागलं, आता काय सांगावं!

माझ्या पहिल्याच कवितेत हंस होता. बाई पोट धरून हसल्या. "वच्छले, आपल्या गावात कोणत्या तळ्यात पोहते बापा तुहा हंस? बगळा पाह्यला असन तं बगळा लिही."

"बगळा बरा नाही दिसत, बाई."

"मंग कविता कायले लिहितं? रांगोळी काढ."

राग यायचा हो. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या ओट्यावर हजर. त्या लसूण सोलायच्या, मी वाचायची. खोटा शब्द आला की भातात खडा लागावा तसं तोंड करायच्या.

मग त्यांचा मिलिंद गेला. मालेगावला मोटारपंपाच्या दुकानात होता. सकाळी फटफटीवर निघाला, आणि वाटेतच ट्रकखाली आला. बाई रडल्या नाहीत. आल्यागेल्याला स्वतः चहा करून देत होत्या. रिसोडहून आलेली लेक मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मावशी, आईले कसंबी रडवा. अशानं तिचं डोकं फिरन."

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, बुद्धवंदना झाली. आमच्याकडे मग लोक उठून दोन शब्द बोलतात, कोणी कविता म्हणतं. कोणी मिलिंदला तारा म्हटलं, कोणी विझलेला दीप. माझ्या कागदावर चंदन होतं. पहिली ओळ म्हटली नाही तोच भरल्या मांडवात बाईंचा हात वर.

"थांब, वच्छले. चंदन झिजताना तू पाह्यलं काय? माह्या पोराचं सांग."

मी कागदाची घडी घातली आणि मिलिंद गेला त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात जे डोळ्यांनी पाहिलं होतं, तेवढंच म्हटलं:

डबा परत आला,
वांग्याची भाजी तशीच.
माय घासते, पुसते,
उद्यासाठी पालथा ठेवते.

बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाईमाणसाचा वाटेना. लेकीनं त्यांना मिठीत धरलं. मांडव उठला तरी त्या रडतच होत्या.

पुढं लेक त्यांना कायमचं रिसोडला घेऊन निघाली. जीप दारात उभी. बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. "आली तुले कविता," म्हणाल्या. मग आत बसता बसता, माझ्याकडं न बघता, "पण आता मले आयकवू नको, माय."

मी अजून लिहिते. रिसोडला जाते तेव्हा पिशवीत एखादी नवी असतेही. आम्ही गुडघ्यांचं बोलतो, सोयाबीनच्या भावाचं बोलतो, आणि संध्याकाळच्या बसनं मी तशीच परत येते.